एसटीची जमीन : वापरबदल की मालकीबदल?

जुना पेट्रोल पंप बंद पडावा, त्याच्या छपराखाली काचेची तावदाने बसावीत आणि जिथे मोटारीच्या टाकीत तेल ओतले जात होते तिथे पेल्यात कॉफी ओतली जावी, या प्रकाराचे युरोप-अमेरिकेत गेली काही वर्षे मोठे कौतुक चालले आहे. त्यातले काही प्रयोग खरोखर चांगले आहेत. बर्लिन शहरात १९५०च्या दशकात शेल कंपनीसाठी बांधलेला एक पंप पुढे निरुपयोगी झाला. त्याच वास्तूत २०२२ मध्ये गेऑर्ग ग्रोस या चित्रकाराचे छोटेसे संग्रहालय उघडले आणि ते २०२४ पर्यंत चालले. ज्या ग्रोसने जर्मन भांडवलदारांची, सेनापतींची आणि त्यांच्या भाटांची लक्तरे आपल्या रेषांनी वेशीवर टांगली, त्याची चित्रे एका तेल कंपनीच्या जुन्या पंपात लागावीत, हा नियतीचा विनोदही मोठा झकास होता.

पुण्यालाही ही हवा नवी नाही. रेल्वे स्टेशनजवळच्या राजाबहादूर मिलच्या आवारात एकेकाळी कामगारांची पाळी भोंग्यावर बदलत असे. आज त्याच आवारात खानपानाची आलिशान ठिकाणे आहेत आणि संध्याकाळी तिथे शहरातील सुस्थितीत असलेली तरुण मंडळी जमतात. जुन्या दगडी भिंती राखल्या याचा आनंद मानायचा की त्या भिंतींच्या आत ज्यांनी सूत कातले त्यांची आठवण पाटीपुरतीही उरली नाही याचा खेद करायचा, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न झाला. परंतु अशा प्रत्येक वापरबदलाला तीन साधे प्रश्न विचारता येतात. मूळचा वापर खरोखर संपला होता काय? वास्तू टिकली काय? आणि बदलानंतर जमीन कोणाच्या ताब्यात गेली? बर्लिनच्या पंपात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे 'होय' अशी आहेत. पुण्यातल्या शिवाजीनगर एसटी स्थानकाला हेच प्रश्न विचारले तर पहिल्या दोहोंचे उत्तर 'नाही' असे येते आणि तिसऱ्याच्या उत्तरासाठी कराराचे कागद उघडावे लागतात.

शिवाजीनगरचे स्थानक मेलेले नव्हते. नाशिक, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भाकडे जाणारा प्रवासी तिथे चढत होता आणि तिकडून येणारा तिथे उतरत होता. कृषी महाविद्यालयात शिकायला आलेला शेतकऱ्याचा मुलगा, जिल्हा न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा भोगणारा पक्षकार, मुलाच्या खोलीवर धान्याचे पोते पोहोचवायला निघालेली आई, यांच्यासाठी ते शहराचे दार होते. २०१९ संपता संपता हे दार मेट्रोच्या भुयारी स्थानकासाठी बंद झाले आणि एसटीचा संसार दीड-दोन किलोमीटरवर वाकडेवाडीला, शासकीय दुग्धविकास खात्याच्या जागेवर हलवला गेला. 'तात्पुरते' हा शब्द त्या वेळी मुक्तहस्ताने वापरला गेला. भुयारी मेट्रो स्थानक ऑगस्ट २०२३ मध्ये सुरूही झाले. २०२५ साल उजाडले तरी एसटीचा प्रवासी वाकडेवाडीतच होता. मेट्रोचे काम हे स्थलांतराचे कारण होते. कारण संपल्यावर स्थलांतर का संपले नाही, याचे सरळ उत्तर कोणी दिले नाही. उत्तर जमिनीच्या भावात दडलेले आहे.

या शिवाजीनगरशी एसटीचे नाते जन्मापासूनचे आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी अहमदनगरहून (आजच्या अहिल्यानगरहून) निघाली आणि पुण्यात याच भागात येऊन थांबली. तेव्हाच्या मुंबई सरकारने खासगी मोटारमालकांचा रोष पत्करून प्रवासी वाहतूक आपल्या हाती घेतली होती. मालकाला परवडेल तेव्हा आणि परवडेल त्या रस्त्यावर धावणारी, माणसे टपावर कोंबणारी मोटार जाऊन तिच्या जागी वेळापत्रक, ठरलेले भाडे आणि 'गाव तिथे एसटी' हे ब्रीद आले. १९५० चा रस्ता वाहतूक महामंडळ कायदा आणि पुढे १९६१ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, ही त्याच धोरणाची पुढची पावले. समाजवादी चळवळीने ज्या राष्ट्रीयीकरणाचा आग्रह धरला त्याचे सर्वांत घरगुती, सर्वांत धुळीने माखलेले आणि म्हणूनच सर्वांत खरे रूप म्हणजे एसटीचे स्थानक आणि त्याच्या मागचे आगार.

आगार म्हटले की कार्यशाळा आली आणि डिझेलचा पंप आला. प्रवाशाला तो सहसा दिसत नाही. फेरी संपवून आलेली गाडी रात्री त्या पंपाशी लागते, टाकी भरते, धुतली जाते आणि पहाटे पुन्हा फलाटावर येते. हा पंप खासगी विक्रेत्याच्या नफ्यासाठी नव्हता. तेल कंपनीकडून घाऊक डिझेल घेऊन स्वतःच्या गाड्यांत भरण्यासाठी होता. घाऊक घेणाऱ्याला माल स्वस्त पडावा हा बाजाराचा जुना नियम. या देशात मात्र सार्वजनिक वाहतुकीसाठी तो नियम दोनदा उलटा फिरवण्यात आला. जानेवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने घाऊक ग्राहकांच्या डिझेलवरील अनुदान काढून घेतले आणि किरकोळ ग्राहकाचे चालू ठेवले. म्हणजे मालदाराच्या आलिशान मोटारीला अनुदानाचे डिझेल आणि शेतमजुराच्या एसटीला बाजारभावाचे! मार्च २०२२ मध्ये पुन्हा तोच खेळ झाला. मुंबईत रस्त्यावरच्या पंपावर लिटरला ९४ रुपये १४ पैसे दर असताना घाऊक ग्राहकाचा दर १२२ रुपये ५ पैशांवर गेला. दोन्ही वेळा महामंडळाच्या गाड्यांना स्वतःच्या आवारातला पंप सोडून बाहेरच्या किरकोळ पंपांची वाट धरावी लागली. घरची विहीर कोरडी ठेवायची आणि शेजाऱ्याकडे पाणी विकत घ्यायचे, असा हा कारभार.

आता त्याच आगारांच्या आवारात सर्वांसाठी खुले पंप काढण्याची योजना आहे. २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी अडीचशेहून अधिक जागांवर तेल कंपन्यांच्या सहकार्याने इंधन विक्री सुरू करण्याचा मनोदय जाहीर केला. या योजनेला केवळ विरोधासाठी विरोध करण्याचे कारण नाही. महामंडळाने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या कामगारांकरवी पंप चालवावा, जनतेला मापात तेल द्यावे आणि चार पैसे मिळवावेत, यात समाजवादी विचाराला खटकण्याजोगे काही नाही. उलट सार्वजनिक उद्योगाने दुकानदारी करू नये, तोट्याचा व्यवसाय तेवढा सरकारने करावा आणि नफ्याचा शेटजीने, ही मांडणीच मुळात लबाडीची आहे. प्रश्न पंप कोण चालवणार आणि गल्ला कोणाच्या घरी जाणार हा आहे. पंपाशेजारी दुकाने, दुकानांवर कार्यालये आणि या साऱ्यांवर एक ठेकेदार अशी उतरंड रचली गेली, तर पंप हे नुसते निमित्त ठरेल.

ही भीती काल्पनिक नाही. तेलाच्या धंद्यातच सार्वजनिक मालकीचे काय झाले हे पाहावे. एस्सो १९७४ मध्ये, बर्मा-शेल आणि कॅल्टेक्स १९७६ मध्ये अशा विदेशी तेल कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम त्यांतून उभ्या राहिल्या. शहराशहरांतील मोक्याच्या जागांवरचे पंप या संपादनाबरोबर जनतेच्या मालकीच्या कंपन्यांकडे आले. पुढे वाजपेयी सरकारने या कंपन्या विकायला काढल्या तेव्हा सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संसदेने कायदा करून घेतलेली मालमत्ता कायदा न बदलता विकता येणार नाही. तो अडसर २०१६ मध्ये गुपचूप दूर झाला. कालबाह्य कायदे रद्द करणाऱ्या एका विधेयकात शेकडो निरुपद्रवी जुन्या कायद्यांच्या गर्दीत हे राष्ट्रीयीकरणाचे कायदेही रद्द करण्यात आले. चर्चेचा गदारोळ नाही, मोर्चा नाही. झाडलोट करताना घरातला सोन्याचा दागिनाही केरात जावा तसे. मग नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत पेट्रोलियममधील सरकारचा ५३.२९ टक्के हिस्सा विकण्याचा निर्णय झाला. तो मे २०२२ मध्ये मागे घ्यावा लागला, तो काही सद्बुद्धी सुचली म्हणून नव्हे. ठरल्या बेतात घेणारा टिकला नाही म्हणून.

एसटीच्या जमिनीबाबत विकण्याची भाषा कोणी करत नाही. 'विक्री' या शब्दाला लोक बिचकतात. म्हणून 'भाडेपट्टा' हा शब्द आला. पूर्वी ६० वर्षांपर्यंत असलेली त्याची मुदत २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ४९ अधिक ४९ अशी ९८ वर्षे केली. हा आकडा जरा शांतपणे मनात घोळवावा. १९४८ ते २०२५ हे एसटीचे आजवरचे सारे आयुष्य ७७ वर्षांचे. त्याहून २१ वर्षे अधिक काळ जमीन दुसऱ्याच्या ताब्यात देणे याला कायद्याच्या पुस्तकात भाडेपट्टा म्हणत असतील. गावच्या चावडीवर त्याला वेगळेच नाव आहे. पूर्वी सावकार कुळाची जमीन गहाण ठेवून घेई, तेव्हाही सातबाऱ्यावर नाव कुळाचेच राही.

यावर सरकारपक्षाचा आणि, दुर्दैवाने, पुरोगामी म्हणवणाऱ्या काही मंडळींचाही एक ठरीव प्रतिवाद असतो. तो असा की, एसटी तोट्यात आहे, तिच्या जमिनी नुसत्या पडून आहेत, त्यांतून उत्पन्न मिळाले तर कामगारांचे पगार वेळेवर होतील. मग तत्त्वाचा आग्रह धरून तिला उपाशी का मारता? हा युक्तिवाद टाळून जाणे बरोबर नाही, कारण तोटा खरा आहे. जून २०२५ मध्ये महामंडळाची जी श्वेतपत्रिका निघाली तिच्यात संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचे नमूद आहे. परंतु तोटा का झाला? जमिनीवर टोलेजंग इमारत नव्हती म्हणून झाला काय? प्रवाशाच्या तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर दशकानुदशके सरकारने घेतला. डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर, दोन्ही एसटीने भरले. विद्यार्थी, वृद्ध, रुग्ण यांना सवलती जाहीर करण्याचा मान मंत्र्यांनी घेतला आणि त्या सवलतींच्या रकमेसाठी महामंडळाने सरकारच्या दारात ताटकळत उभे राहायचे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळाला, ही चांगलीच गोष्ट आहे. गर्दीने तिचे स्वागत केले. पण ज्या सरकारने ती द्यायची त्याने तिचा पैसाही वेळेवर मोजावा. स्थानकाच्या दारातच खासगी गाड्या प्रवासी पळवतात ते वेगळेच. एका हाताने खिसा कापायचा आणि दुसऱ्या हाताने 'बाबा रे, घर विक' असा सल्ला द्यायचा, याला आर्थिक शहाणपण म्हणत नाहीत.

एसटीच्या कामगारांना हे पुरते कळलेले आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला त्यांचा संप शासनात विलीनीकरणाच्या मागणीवर उभा होता. त्या संपाच्या नेतृत्वाबद्दल आणि त्याच्या शेवटाबद्दल चळवळीत मतभेद असू शकतात, आहेतही. पण तुटपुंज्या पगाराने पिचलेल्या वाहक-चालकांचा मूळ प्रश्न उरलाच. विलीनीकरण झाले नाही; जानेवारी २०२५ मध्ये भाडे मात्र १४.९५ टक्क्यांनी वाढले. म्हणजे तोट्याचा भार कामगाराने उचलला, प्रवाशाने उचलला. आता उरलेली जमीन तेवढी तिसऱ्यासाठी मोकळी करायची.

आणि ती जमीन आज सोन्याच्या मोलाची का झाली? कोणा विकासकाने तिथे घाम गाळला म्हणून नव्हे. जनतेच्या पैशाने आणि जनतेच्या नावावर काढलेल्या कर्जाने मेट्रो आली. मेट्रो स्थानकाभोवती ५०० मीटरच्या वर्तुळात चटईक्षेत्र निर्देशांक ४ पर्यंत नेण्याची मुभा सरकारी धोरणाने दिली. शेजारी रेल्वे स्थानक, न्यायालय, महाविद्यालये आधीपासून होती. ही सारी वाढ समाजाने निर्माण केलेली आहे. तिचे फळ समाजाकडेच यावे हा समाजवादाचा अगदी प्राथमिक धडा. शिवाजीनगरसाठी जी आखणी पुढे आली तिच्यात तळघरात वाहनतळ, जमिनीलगत एसटी आणि वर कार्यालयांचे मजले, सार्वजनिक-खासगी भागीदारीतून, असा घाट आहे. 'भागीदारी' हा शब्द ऐकायला गोड. एका भागीदाराची जमीन, मेट्रो आणि वाढीव चटईक्षेत्र. दुसऱ्या भागीदाराची निविदा.

भागीदारीचा अनुभव काय सांगतो तेही पाहावे. पनवेलचे स्थानक खासगी विकासकाकरवी बांधण्याचे गाडे वर्षानुवर्षे अडले आणि कोकणाकडे जाणाऱ्या चाकरमान्याने ती वर्षे उन्हापावसात काढली. इमारत विकासकासाठी गुंतवणूक असते. बाजार मंदावला तर तो थांबू शकतो. प्रवासी थांबू शकत नाही.

मुंबईच्या गिरणगावाचा धडा तर याहून कडू आहे. संपानंतर मोडकळीला आलेल्या गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ मध्ये नियम झाला : एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात अशी दुरुस्ती झाली की वाटणी फक्त मोकळ्या भूखंडापुरती उरली आणि लोकांचे दोन हिस्से आक्रसून गेले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. त्याआधीच, २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या होत्या. कामगारांचा रोजगार टिकावा म्हणून ज्या गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांचाच शेवट सरकारी लिलावात झाला. तिथेही पहिला शब्द 'आजारी उद्योग' हाच होता, दुसरा 'अतिरिक्त जमीन' आणि तिसरा 'पुनर्विकास'. एसटीच्या दाराशी सध्या दुसरा आणि तिसरा शब्द एकदमच येऊन उभे आहेत.

'अतिरिक्त' या शब्दाकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. स्थानकाची जागा अतिरिक्त केव्हा ठरते? गाड्या कमी केल्या की फलाट रिकामे दिसू लागतात. कार्यशाळेचे काम बाहेर दिले की तिची शेड ओस पडते. विजेवरच्या गाड्या ठेकेदाराच्या आल्या की आवारातला डिझेल पंपही निरुपयोगी दिसू लागतो. आधी वापर मारायचा, मग वापर मेला असे जाहीर करायचे. दुर्लक्ष किती टोकाला गेले आहे ते फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटला दिसले. स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये पहाटेच्या वेळी एका तरुणीवर बलात्कार झाला. दिवे, पहारा आणि प्रवाशांकडे पाहणारी माणसे यांसाठी जिथे पैसा आणि लक्ष नाही, तिथे ९८ वर्षांच्या करारांचे मसुदे करायला मात्र सवड आहे.

स्थानक म्हणजे नुसता फलाट नव्हे. त्याच्या आधाराने हमाल, रिक्षावाले, फळविक्रेत्या बाया, वर्तमानपत्रवाले असे एक गाव जगते. शिवाजीनगरहून एसटी हलली तेव्हा या गावाची कोणी जनगणना केली नाही. त्याला नवी जागा मिळाली नाही आणि नव्या इमारतीच्या आराखड्यात त्याच्यासाठी कोपरा राखल्याचे कोणी सांगितलेले नाही. याच पुण्यात हमाल पंचायतीने बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली आणि कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात सन्मानाने जेवण देता येते हे सिद्ध करून दाखवले. व्यापारी वापर करायचाच असेल तर त्याचा हा एक नमुना घरचाच आहे. स्थानकात महामंडळाने स्वतः चालवलेला पंप असावा, कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे जेवणघर असावे, मुक्कामी गाडीच्या प्रवाशाला आणि परगावच्या विद्यार्थिनीला रात्रीपुरती सुरक्षित खोली असावी. यांतूनही उत्पन्न येते. ते ठेकेदाराच्या उत्पन्नाइतके झगमगीत नसते, एवढेच.

येत्या काळात पुण्यातील कार्यकर्त्यांपुढे काम आहे ते भाषणांपेक्षा कागदपत्रांचे अधिक आहे. शिवाजीनगरची इमारत उभी राहो अगर न राहो, एसटी आधी तिच्या मूळ जागी परतली पाहिजे, आणि वरच्या मजल्यांना वापर परवाना मिळण्यापूर्वी खालचे फलाट चालू झाले पाहिजेत, ही अट निविदेत लेखी यायला हवी. ९८ वर्षांची मुदत रद्द करून अल्प मुदतीचे, दर काही वर्षांनी भाडे नव्याने ठरणारे करार व्हावेत. आगारातील पंप खासगी चालकाला न देता महामंडळाच्या कामगारांकडे ठेवावेत आणि जमिनीच्या उत्पन्नाचा हिशेब वेगळ्या खात्यात लावून तो पैसा गाड्या आणि पगार यांवरच खर्च व्हावा. हे सारे मागायचे तर करारात आधी काय लिहिले आहे ते कळले पाहिजे. म्हणून पहिली मागणी माहितीच्या अधिकारातून नव्हे, उघड मोर्चाने करावी : भाडेपट्ट्याचा संपूर्ण मसुदा, सह्या होण्यापूर्वी, मराठीत छापून वाकडेवाडीच्या स्थानकावर चौकशी खिडकीशेजारी लावला जावा, जेणेकरून लातूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला तो उभ्या उभ्या वाचता येईल.